मदत हवी आहे: रॉक कॉन्सर्टला रांगेत कधीपासून उभं राहायचं?

पहिल्यांदाच एवढ्या मोठ्या अरीनात जातेय, तिकीट स्टँडिंगचं. उंची जेमतेम पाच फूट, त्यामुळे बॅरिकेडला चिकटून जागा मिळाली तरच स्टेज दिसणार, नाहीतर तीन तास लोकांच्या पाठी बघायच्या! गेट उघडायच्या किती तास आधी गेलात तुम्ही? एकटीच आहे, वॉशरूमला गेले तर मागचे लोक जागा धरतात का, की नंबर गेलाच समजायचा? आणि पाणी किती प्यायचं, हा वेगळाच पेच.

कानांचंही सांगा. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये अशा कार्यक्रमांसाठी सरासरी 100 डेसिबलची मर्यादा सुचवली आहे, पण स्पीकरसमोर ती कोण पाळतंय? इअरप्लग घातल्यावर गिटार नीट ऐकू येते का?