शब्दचर्चा: ‘कॉमन-लॉ पार्टनर’ला मराठीत काय म्हणायचं?

बोरिवलीहून प्रश्न

नमस्कार. एका शब्दापाशी आमचं घोडं चार दिवस अडलंय.

माझी भाची आणि तिचा जोडीदार २०२१ पासून गोरेगावला एका घरात राहतात. लग्न केलेलं नाही. तो कॅनडाच्या पीआरसाठी, म्हणजे तिथं कायमचं राहण्याच्या परवान्यासाठी, अर्ज करतोय आणि त्यात तिचं नाव ‘कॉमन-लॉ पार्टनर’ म्हणून घालायचंय. वकीलबाईंनी सांगितलं, घरच्यांची पत्रंही जोडा. माझ्या ताईला इंग्रजी लिहायची सवय नाही, म्हणून ती मराठीत लिहितेय. भाषांतरकार त्याचं इंग्रजी करून सोबत आपलं शपथपत्र लावतील.

ताईनं पहिल्यांदा लिहिलं, ‘माझी मुलगी व तिचा मित्र गोरेगाव येथे राहतात.’ भाषांतरकार म्हणाले, “‘मित्र’चं मी ‘फ्रेंड’च करणार, मला पदरचं काही घालता येत नाही.” आणि ‘फ्रेंड’ वाचलं की दोघं भाडं वाटून घ्यायला एकत्र राहतात, असाच अर्थ निघणार. ताईनं ‘मित्र’ खोडून ‘होणारा नवरा’ लिहिलं. पण लग्न ठरलेलंच नाही, मग तेही खोडलं. ‘लिव्ह-इन’ हा शब्द आपल्या हातानं लिहायला ती तयार नाही. कागदावर दोन खाडाखोडी आहेत आणि पुढची जागा मोकळी. तिथं काय लिहावं?

दादरहून उत्तर

ताई, आधी मूळ शब्द सोडवून घेऊ. मी बरीच वर्षं कोर्टाच्या कागदांची भाषांतरं करतो, त्यामुळे जरा लांबण लागेल.

‘कॉमन लॉ’चं शब्दशः ‘सामान्य कायदा’ करतात, त्यातून काहीच कळत नाही. ‘समान कायदा’ केलं तर वाचणाऱ्याच्या डोक्यात समान नागरी कायदा येतो. मुळात कॉमन लॉ म्हणजे संसदेनं लिहून न ठेवलेला, न्यायाधीशांच्या निवाड्यांतून घडत गेलेला इंग्लंडचा कायदा. विधी न करता नवरा-बायकोसारखं राहणाऱ्यांना हे विशेषण चिकटलं. पण खुद्द इंग्लंडच्या कायद्यात ‘कॉमन-लॉ मॅरेज’ नावाचं काही नाही. तिथल्या व्हिसाच्या नियमांत ‘अनमॅरिड पार्टनर’ म्हणतात आणि दोन वर्षांचं नातं मागतात. ऑस्ट्रेलियात ‘डी फॅक्टो’, म्हणजे वस्तुस्थितीनं असलेलं. मला हा त्यातल्या त्यात प्रामाणिक शब्द वाटतो.

कॅनडाच्या नियमात व्याख्या छोटी आहे: ‘कॉन्ज्युगल’ नात्यात किमान एक वर्ष एकत्र राहिलेली व्यक्ती. कामासाठी किंवा घरच्या अडचणीसाठी थोडे दिवस लांब राहिलं तर चालतं, पण वर्ष सलग हवं. सगळी गोम त्या ‘कॉन्ज्युगल’मध्ये आहे. लॅटिनमध्ये ‘युगुम’ म्हणजे बैलांच्या मानेवरचं जू. आपलं ‘जू’ संस्कृत ‘युग’वरून आलं, आणि ते ‘युग’ नि लॅटिनचं ‘युगुम’ एकाच कुळातले. म्हणजे एका जुवाखाली चालणारी दोघं. शरीरसंबंध हा त्याचा एक भाग झाला, पण शब्दाचा जीव ओझं वाटून घेण्यात आहे.

कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानं १९९९ साली ‘एम. विरुद्ध एच.’ या खटल्यात अशा नात्याच्या खुणा मांडल्या: एका छपराखाली राहणं, एकमेकांशी वागणूक, घरकामाची वाटणी, लोकांत मिसळणं, पैशाचा आधार, मुलं आणि समाज त्यांच्याकडे कसा बघतो ते. सगळ्या खुणा प्रत्येक जोडप्यात सापडायलाच हव्यात असं नाही, हेही कोर्टानंच सांगितलं. तुमच्या ताईंच्या पत्राचं काम त्या शेवटच्या खुणेशी आहे.

आता मराठी. आपल्याकडचे जुने शब्द बघा: ठेवलेली, अंगवस्त्र, नाटकशाळा. सगळे बाईला चिकटलेले, आणि पुरुष नुसता ‘ठेवणारा’. २०१० साली वेलुसामी खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयानं कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यातलं ‘विवाहाच्या स्वरूपाचं नातं’ म्हणजे कॉमन-लॉ मॅरेजसारखं नातं, असा अर्थ लावला. त्याच निकालात ‘कीप’ (ठेवलेली बाई) हा शब्दही आला होता, आणि ज्येष्ठ वकील इंदिरा जयसिंग यांनी त्यावर भर कोर्टात आक्षेप घेतला होता. मला तो आक्षेप शंभर टक्के पटतो. पाट आणि मोहतूर हेही इथं चालणार नाहीत, ते पुनर्विवाह आहेत आणि त्यांना रीत आहे.

‘सहवास’ हा शब्द सुंदर आहे. वांद्र्याच्या साहित्य सहवासामुळे मुंबईकराला त्यात शेजार ऐकू येतो. पण कोर्टाच्या मराठीत तो शय्येकडे झुकतो. आईच्या पत्रात नको.

माझं मत: नात्याला ‘जोडीदार’ म्हणा आणि क्रियापद ‘संसार करणे’ हे घ्या.

मुलुंडहून उत्तर

‘सहजीवन’ का नको? वर्तमानपत्रं तेच छापतात.

दादरहून

छापतात, पण लग्नाच्या वाढदिवसाच्या पत्रिकेवरही ‘सहजीवनाची पन्नास वर्षे’ असतंच. भाषांतरकारानं त्याचं ‘मॅरिड लाइफ’ केलं तर त्याला दोष देता येणार नाही. ज्या शब्दाचे दोन अर्थ होतात तो पुराव्याच्या कागदात टाळावा.

मुलुंडहून

पटलं. मग माझा अनुभव सांगते, कारण आमच्याकडे शब्दानंच घात केला होता. धाकट्या दिराच्या वेळची गोष्ट.

दोघं पवईला राहत होते. सोसायटीनं ‘फक्त फॅमिली’ अशी अट घातलेली. एजंट म्हणाला, काळजी नको, मी बघतो. त्यानं पोलीस पडताळणीच्या फॉर्मवर नात्याच्या रकान्यात ‘पत्नी’ लिहून टाकलं. तेव्हा कुणाला काही वाटलं नाही, घर मिळालं यातच आनंद. दोन वर्षांनी तोच कागद पुराव्याच्या फाइलीत गेला, तर त्यावर ‘वाइफ’ आणि अर्जात ‘कॉमन-लॉ’! लग्न झालंय की नाही, हा प्रश्न उभा राहिलाच. शेवटी सगळं खरं खरं सांगणारं स्पष्टीकरणाचं पत्र जोडावं लागलं. सोसायटीला घाबरून लिहिलेला शब्द सात समुद्रापार जाऊन आडवा आला. भाचीला म्हणावं, जुने कागद काढ आणि प्रत्येकावर नात्यापुढे काय लिहिलंय ते एकदा वाच.

दुसरं, अकरा महिने. आपल्याकडे लीव्ह अँड लायसन्सचा (भाड्याच्या घराचा) करार सवयीनं अकरा महिन्यांचा करतात. खरं तर १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं महाराष्ट्रात तो कितीही महिन्यांचा असला तरी लेखी करून नोंदवावाच लागतो, त्यामुळे अकराचा आकडा ही आता नुसती सवय. पण एकच करार जोडला तर वर्षाला एक महिना कमी पडतो. मागचे-पुढचे करार लागोपाठ लावा, आणि मधे तारखेची फट राहिली असेल तर त्या दिवसांचं लाइट बिल, गॅसचं बिल शोधा.

आणि शब्दाचाच आणखी एक घोळ. आय-एम-एम ५४०९ नावाचा फॉर्म आहे, कॉमन-लॉ नात्याचं ‘स्टॅच्युटरी डिक्लरेशन’. नोटरीकडचा माणूस त्याला सरसकट ‘अ‍ॅफिडेव्हिट’ म्हणाला आणि आपल्याच मजकुराचा स्टॅम्पपेपर टाइप करायला बसला. आम्हाला तो नको होता. फॉर्म त्यांचाच हवा, दोघांनी भरलेला आणि नोटरीसमोर सही केलेला. मराठीत मी त्याला ‘वैधानिक घोषणापत्र’ म्हणेन. त्यात किती काळ सलग एकत्र राहिलात हे लिहायचं असतं, आणि भाडेकरारावर दोघांची नावं आहेत का, बँकेत जॉइंट खातं आहे का, विम्यात एकमेकांचं नाव लावलंय का, असं विचारलेलं असतं. दिराच्या पीपीएफला नॉमिनी अजून त्याची आईच होती. हे विचारेपर्यंत कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

वांद्र्याहून उत्तर

‘जोडीदार’ला माझा पाठिंबा, आणि कारण वेगळं आहे.

मी आणि माझा जोडीदार, आम्ही दोघंही पुरुष. आमच्यासाठी हा शब्द सोय म्हणून नाही, दुसरा शब्दच नाही. इथं आम्हाला लग्न करता येत नाही. १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं ते संसदेवर सोडलं. कॅनडाच्या व्याख्येत स्त्री-पुरुष अशी अट नाही, त्यामुळे वर्षभराचं एकत्र राहणं दाखवता आलं की तो रस्ता आमच्यासाठीही उघडा आहे. ज्यांना कायद्यामुळे किंवा भीतीमुळे एकत्र राहताच येत नाही त्यांच्यासाठी प्रायोजकाच्या, म्हणजे कॅनडाचा नागरिक किंवा कायम रहिवासी असलेल्या जोडीदाराच्या, अर्जात ‘कॉन्ज्युगल पार्टनर’ असा वेगळा वर्ग आहे. दोन्ही शब्दांची गल्लत करू नका, पुरावे वेगळे लागतात.

माझ्या वडिलांनी आमच्यासाठी पत्र लिहिलं. ते ‘मित्र’ लिहिणार अशी माझी खात्री होती. त्यांनी लिहिलं, ‘हा माझ्या मुलाचा घरचा माणूस आहे.’ भाषांतरकारानं त्याचं ‘फॅमिली’ केलं. मला त्या ओळीपेक्षा जास्त काही नको होतं. पण पुराव्यासाठी म्हणून पुढच्या ओळीत ‘जोडीदार’ घालायला मी त्यांना सांगितलं, आणि त्यांनी घातलं.

बोरिवलीहून

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री ताईसोबत बसले. ‘संसार’ म्हटल्यावर ती गप्प झाली. म्हणाली, लग्नाशिवाय संसार कसा म्हणू? मी विचारलं, त्यांच्या घरात कुकर कुणाचा? म्हणाली, माझाच जुना, मीच दिला. मसाल्याचा डबा? तोही. महिन्याचं सामान कोण भरतं? एक महिना तो, एक महिना ती. मागच्या पावसाळ्यात भाचीला डेंगी झाला तेव्हा हॉस्पिटलच्या फॉर्मवर सही कुणाची होती? त्याची. मग तिनं स्वतःच पेन उचललं.

आता पत्र असं आहे: ‘माझी मुलगी आणि तिचा जोडीदार ऑगस्ट २०२१ पासून गोरेगाव येथे एकाच घरात एकत्र संसार करत आहेत. मी महिन्यातून एकदा त्यांच्याकडे राहायला जाते. घराचा खर्च ते दोघे मिळून करतात. मुलगी आजारी असताना हॉस्पिटलात तिच्याजवळ तोच राहिला.’ तारखा भाचीकडून तपासून घेतल्या, करारावरच्या तारखांशी जुळतात.

एकच शंका. ‘संसार’चं इंग्रजी ‘वर्ल्ड’ तर होणार नाही ना?

दादरहून

नाही होणार. भाषांतरकारांना सांगा, ‘मेन्टेनिंग अ हाउसहोल्ड टुगेदर’ असं करा. आणि ‘एकत्र’ आणि ‘एकाच घरात’ हे दोन्ही शब्द इंग्रजीतही वेगवेगळे ठेवा. एकाच घरात तर पेइंग गेस्टही राहतो.

बोरिवलीहून

आत्ताच फोन केला. तसंच करतो म्हणालेत. पत्र उद्या सकाळी त्यांच्याकडे देते, पण ताई म्हणतेय की खाडाखोड नको, पुन्हा स्वच्छ कागदावर लिहून देते. लिहायला बसलीये.