ड्राफ्टमधलं पार्सल कसलं?

बी-३०४ मोघे काकू: सेक्रेटरी, तो कन्व्हेयन्सचा, म्हणजे बिल्डरकडून जमीन सोसायटीच्या नावावर करायच्या कागदाचा, मराठी ड्राफ्ट वाचला. शेवटच्या पानावर "जमिनीचा तो संपूर्ण तुकडा आणि पार्सल" असं लिहिलंय. तुकडा कळला, पण पार्सल कसलं? बिल्डरने अजून काय पाठवायचं बाकी ठेवलंय?

ए-१०२ रोहन: काकू हाहाहा, गेटवरून गायब झालं ते माझंच असणार, गुरुवारपासून शोधतोय

सेक्रेटरी: हसू नका. वेळ नव्हता म्हणून मीच ॲपवर टाकून मराठी केलं. मूळ इंग्रजीत "ऑल दॅट पीस अँड पार्सल ऑफ लँड" आहे. प्रत्येकाच्या फ्लॅटच्या ॲग्रीमेंटलाही मागे शेड्यूलमध्ये तेच असतं, कपाटातून काढून बघा.

सी-६०१ जोगळेकर काका: भूमापन खात्यात अख्खी नोकरी गेली म्हणून बोलतो, मोठा मेसेज आहे, चहा घेऊन बसा. पार्सल म्हणजे खोकं हा अर्थ नंतरचा. लॅटिनमध्ये पार्स म्हणजे भाग, त्याचा छोटा भाग तो पार्टिक्युला, फिजिक्सचा पार्टिकल त्यातलाच, आणि त्याच घराण्यातून फ्रेंचमध्ये पार्सेल झालं. चौदाव्या शतकात इंग्रजांनी तो शब्द उचलला तेव्हा अर्थ नुसता "हिस्सा", ना सुतळी ना चिकटपट्टी. बांधलेलं पुडकं हा अर्थ यायला सतरावं शतक उजाडलं, आणि ब्रिटनच्या पोस्टाने पार्सल पोस्ट सुरू केलं ते तर १८८३ साली. जमिनीच्या कागदात मात्र जुनाच अर्थ टिकून राहिला. सातबाऱ्यावर यूएलपिन नंबर, म्हणजे जमिनीच्या तुकड्याचा ओळख क्रमांक, येतो ना, त्यातला पी म्हणजे हेच पार्सल.

सी-६०१ जोगळेकर काका: आणि तुकडा असताना परत पार्सल कशाला, तर वकिलांना एका शब्दावर भागत नाही. आपण तरी काय, जमीनजुमला म्हणतोच की.

ए-५०३ नेहा: माझी बहीण लिऑनला असते. तिकडे पार्सेल म्हटलं की लोकांना प्लॉट किंवा शेताचा तुकडाच कळतो, पोस्टाने येतं त्याला ते कोली म्हणतात. ती पहिल्यांदा पोस्टात गेली आणि काउंटरवर "माझं पार्सेल आलंय का" विचारलं, तो माणूस बघतच राहिला

बी-७०२ शहा: आमच्या हिऱ्याच्या धंद्यात पण कच्च्या मालाच्या लॉटला पार्सलच बोलतात. खोकं बिकं काय नसतं, कागदाची घडी, खिशात मावते.

सी-६०१ जोगळेकर काका: बरोब्बर शहाभाई! सौद्यातला हिस्सा, मग तो माल, मग तो बांधला की पुडकं. मला वाटतं शब्द असाच सरकत गेला असणार.

ए-१०२ रोहन: आणि हॉटेलवाला "इथे खाणार का पार्सल" विचारतो ते?

बी-३०४ मोघे काकू: आणि वर डब्याचे १० रुपये वेगळे लावतो ते

सी-१०४ साळवी: निवडणुकीत दुसऱ्या गावचा उमेदवार दिला की "बाहेरचं पार्सल परत पाठवा" ते राहिलंच की. आपल्याकडे परवा

सेक्रेटरी: साळवी, राजकारण नको. ग्रुपचा नियम.

सी-१०४ साळवी: मी कुणाचं नाव घेतलं का?

ए-५०३ नेहा: काका, अपार्टमेंटमध्ये पण तोच पार्ट आहे का?

सी-६०१ जोगळेकर काका: हो, मूळ तेच. इटालियनमध्ये वेगळं काढणं, बाजूला करणं, त्यावरून आलंय. म्हणजे पार्सलवर अपार्टमेंट बांधलं, दोन्ही शब्द एकाच आजीची नातवंडं. असो. सेक्रेटरी, मराठीत पार्सल उडवा, नुसतं "जमीन मिळकत" लिहा. आणि शब्दावरून एवढं चाललंय त्यात त्याच्या खालची चतुःसीमा कुणी वाचलीये का? उत्तरेला नाला लिहिलाय. उत्तरेला शाळेची भिंत आहे, नाला पश्चिमेला. सीटीएस नंबरसुद्धा, म्हणजे सिटी सर्व्हेचा, नकाशाशी ताडून बघा, इंग्रजीतही हीच चूक असेल तर वकिलांना आजच फोन करा.

सेक्रेटरी: बापरे. बघतो. इंग्रजीतही तसंच आहे.

बी-३०४ मोघे काकू: रोहन, तुझं ते खोकं माझ्याकडे आहे रे, वॉचमनने बी-१०२ समजून आमच्या विंगमध्ये आणलं, तिथे कुलूप म्हणून मी ठेवून घेतलं आणि सांगायचं विसरलेच. घेऊन जा, आत काहीतरी काचेचं वाजतंय. मी हलवलं नाहीये, आधीपासूनच वाजतंय.