जास्वंदीने केस गळायचे थांबतात का, की ते केवळ मऊ होतात?

रानजाई (मनीषनगर, नागपूर)

सर्वांना नमस्कार. आमच्या अंगणात गावठी तांबड्या जास्वंदीचे जुने झाड आहे. देवघरातल्या गणपतीपुरती फुले काढल्यावरही झाडावर पुष्कळ उरतात, आणि सासूबाई अनेक वर्षांपासून त्या फुलांचे खोबरेल तेलात कढवून तेल करीत आल्या आहेत. सप्टेंबरमध्ये मला डेंग्यू झाला होता. ताप गेला, अशक्तपणाही ओसरला, परंतु दिवाळीनंतर केस इतके गळू लागले आहेत की डोके धुतल्यावर मोरीच्या जाळीवर केसांचा गुंता साचतो आणि कंगव्यातही प्रत्येक वेळी पुंजका येतो. सासूबाईंच्या मते तेलाबरोबर फुलांचा लेपही लावावा, तर शेजारच्या काकू म्हणतात की फुलांपेक्षा पाने अधिक गुणकारी असतात. दोघींच्याही बोलण्यात अनुभव आहे, म्हणून कोणाचे ऐकावे ते मला ठरवता येत नाही.

फुले वापरावीत की पाने, तेल करावे की लेप, आणि मुख्य म्हणजे त्याने गळती खरोखर थांबेल का, हे जाणकारांनी सांगावे. आणखी एक शंका आहे. आमच्याकडे बोअरचे पाणी आहे आणि त्यात वाटलेला लेप पाहता पाहता जांभळट पडतो. तो खराब झाला असे समजून टाकून द्यावा का?

गच्चीवरची बाग (धरमपेठ)

ताई, कृतीविषयी जे ठाऊक आहे ते लिहिते. गळतीच्या कारणांविषयी अधिक जाणत्यांनी सांगावे.

लेपासाठी एकेरी, पाच पाकळ्यांची गावठी जास्वंद उत्तम. फुलाच्या मधोमध जो लांब दांडा असतो आणि ज्याच्या टोकाला पिवळे पराग असतात, तो देठाकडच्या हिरव्या भागासह काढून टाकावा, कारण पराग काहींच्या त्वचेला सोसत नाहीत आणि ते केसांतून लवकर निघतही नाहीत. मूठभर पाकळ्या आणि त्याच्या दुप्पट कोवळी पाने स्वच्छ धुऊन थोडा वेळ पाण्यात भिजवावीत, हाताने चांगली कुस्करावीत आणि पाणी बुळबुळीत झाले की मलमलच्या फडक्यातून पिळून गाळून घ्यावे. पुष्कळ जणी मिक्सरमधून काढलेला चोथा तसाच डोक्यावर थापतात. मग पाकळ्यांचे तुकडे केसांत अडकतात, ते काढताना केस ओढले जातात आणि ज्यासाठी एवढी खटपट केली त्याच्या उलटच घडते. गाळलेला दाट रस ओल्या केसांना, विशेषतः टोकांकडच्या अर्ध्या भागाला लावावा, अर्धा तास ठेवावा आणि भरपूर पाण्याने धुवावा. पहिल्यांदा लावण्यापूर्वी कोपराच्या आतल्या बाजूला थोडासा लावून दुसऱ्या दिवसापर्यंत खाज किंवा लाली येते का, हे अवश्य पाहावे.

फुले घरची आहेत हे फार चांगले. सीताबर्डीच्या फूलबाजारातून किंवा टेकडी गणपतीपाशी घेतलेली फुले देवाला वाहण्यासाठी पिकवलेली असतात आणि त्यांवर कोणती फवारणी झाली आहे हे आपल्याला कळत नाही, म्हणून ती डोक्याला लावू नयेत. घरच्या झाडावरही पिठ्या ढेकूण हमखास येतो. त्यासाठी रासायनिक औषध फवारले असेल, तर त्या झाडाची फुले-पाने लेपासाठी काढू नयेत आणि त्यानंतर येणाऱ्या नव्या फुटीची वाट पाहावी.

अंबाडी

मी महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवीत असे, म्हणून थोडे मुळापासून लिहितो.

जास्वंद, म्हणजे लिनियसने 1753 साली हिबिस्कस रोझा-सायनेन्सिस असे नाव दिलेली वनस्पती, माल्व्हेसी कुळातली आहे. भेंडी, अंबाडी आणि आपल्या विदर्भाचा कापूस हे सारे याच कुळातले. भेंडी चिरताना हाताला लागणारा बुळबुळीत चिकटा आणि जास्वंदीची पाने कुस्करल्यावर पाण्यात उतरणारा चिकटा एकाच जातीचा असतो. शर्करेच्या लांब साखळ्यांनी बनलेले ते पदार्थ असतात. ते पाणी धरून ठेवतात आणि केसावर वाळताना त्याच्या पृष्ठभागावर पातळ थर सोडतात. केसाच्या बाहेरच्या आवरणावर सूक्ष्म खवले असतात आणि ते उचकटले की केस एकमेकांत अडकतात. या थरामुळे घर्षण कमी होते, कंगवा सहज फिरतो आणि केस मऊ लागतात. जास्वंदीने केस मऊ होतात या समजुतीत तथ्य आहे ते एवढ्यासाठी.

मात्र हा चिकटा पाण्यात विरघळतो, तेलात नाही. फुलाचा तांबडा रंगही पाण्यातच उतरतो, आणि त्यामुळेच तांबड्या फुलांचे तेल तांबडे होत नाही. आपल्या सासूबाईंचे तेल तपकिरी किंवा पाने घातली असल्यास हिरवट दिसत असेल. तेव्हा केस मऊ करणारा जो मुख्य घटक, तो तेलात जवळजवळ येतच नाही आणि त्या तेलाचा जो गुण दिसतो तो बहुतांशी खोबरेलाचा असतो. खोबरेलाचा गुणही कमी लेखू नये, कारण ते केसाच्या आत शिरते आणि धुण्यात केसांतून जाणारी प्रथिने काही प्रमाणात वाचवते. परंतु जास्वंदीचा चिकटा हवा असेल तर पाण्यातला लेपच करावा लागेल.

फुले की पाने, याविषयी शेजारच्या काकूंचे म्हणणे निराधार नाही. 2003 साली जर्नल ऑफ एथ्नोफार्माकॉलॉजी या नियतकालिकात जास्वंदीवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला आणि त्यात पानांचा अर्क फुलांच्या अर्कापेक्षा केसांच्या वाढीसाठी अधिक प्रभावी ठरला. तो प्रयोग पांढऱ्या उंदरांवर आणि प्रयोगशाळेत वाढवलेल्या त्यांच्या केसांच्या मुळांवर झाला होता, आणि अर्क पेट्रोलियम ईथरने काढलेला होता, म्हणजे त्यात वनस्पतीतला तेलात विरघळणारा भाग आला होता. तेल करणाऱ्यांच्या बाजूने ही एक गोष्ट म्हणता येईल. तरीही प्रयोगशाळेत काढलेला दाट अर्क आणि कढईत कढवलेले तेल यांचे सामर्थ्य सारखे असते असे मानता येत नाही, आणि उंदरावर जे घडले ते माणसाच्या डोक्यावर घडेलच असेही त्यावरून म्हणता येत नाही.

जांभळट रंगाचे कारण सोपे आहे. फुलातला रंग अँथोसायनिन वर्गातला असतो. तो आंबट द्रावणात लालभडक होतो आणि क्षारयुक्त पाण्यात जांभळट किंवा निळसर दिसतो. आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार असल्यामुळे असे होते, लेप नासल्यामुळे नाही. परत लाल दिसावा म्हणून त्यात लिंबू पिळण्याची गरज नाही, कारण लिंबाचा रस डोक्याच्या त्वचेला झोंबतो. लेप मात्र ताजाच वापरावा, दुसऱ्या दिवसासाठी राखू नये.

त्वचा आणि केस

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. रानजाई, आपण दिलेल्या तारखा पाहता आपल्या गळतीचे कारण बहुधा आपण सांगितलेल्या तापातच आहे.

माणसाच्या डोक्यावर सुमारे 1 लाख केस असतात आणि रोज 50 ते 100 केस गळणे स्वाभाविक मानले जाते. डेंग्यू, टायफॉइड, मोठी शस्त्रक्रिया किंवा बाळंतपण यांसारख्या ताणानंतर एरवीपेक्षा कितीतरी अधिक केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात, आणि ते लगेच न गळता साधारण 2 ते 3 महिन्यांनी गळतात. त्यामुळे ताप विसरला जातो आणि दोष पाण्यावर, शाम्पूवर किंवा हवेवर जातो. मूळ जिवंत असते. त्याच जागी नवा केस येतो, पण तो महिन्याला जेमतेम 1 सेंटीमीटर वाढत असल्यामुळे भरलेपणा दिसायला वेळ लागतो. ही गळती बहुधा 3 ते 6 महिन्यांत आपोआप ओसरते.

एक तपासणी आपण घरीच करू शकता. गळलेले केस पांढऱ्या कागदावर ठेवून त्यांची टोके पाहावीत. एका टोकाला बारीक पांढरी गाठ दिसली तर तो केस मुळापासून सुटलेला आहे. गाठ नसेल, केस आखूड असेल आणि टोक चिरलेले असेल तर तो मधूनच तुटलेला आहे. अंबाडी यांनी ज्या चिकट्याविषयी लिहिले आहे तो तुटणारे केस वाचवू शकतो, कारण तिथे प्रश्न घर्षणाचा आणि कोरडेपणाचा असतो. मुळापासून सुटणाऱ्या केसांवर त्याचा परिणाम होत नाही, कारण तो निर्णय त्वचेखाली महिन्यांपूर्वीच झालेला असतो.

लेप लावायला माझी काहीच हरकत नाही. मात्र केवळ लेपावर विसंबून तपासण्या पुढे ढकलू नयेत. हिमोग्लोबिन, शरीरातला लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन आणि थायरॉइडसाठी टीएसएच, एवढ्या तपासण्या करून घ्याव्यात, कारण आपल्याकडे स्त्रियांमध्ये लोहाची कमतरता फार आढळते आणि आजारानंतर ती अधिक जाणवते. जेवणात डाळी, अंडी किंवा पनीर, हिरव्या भाज्या आणि तीळ असू द्यावेत. भांग रुंद होत चालला असेल, चाई पडल्यासारखा गोल चट्टा दिसत असेल, डोक्याची त्वचा लाल होऊन खवले सुटत असतील किंवा 6 महिन्यांनंतरही गळती तशीच असेल, तर मात्र तज्ज्ञाला प्रत्यक्ष दाखवावे.

उमरेडची लेक

वरील दोन्ही उत्तरांचा आदर राखून मला थोडे वेगळे मत मांडायचे आहे. आमच्या माहेरी प्रत्येक बाळंतिणीला जास्वंदीची पाने घालून कढवलेले तेल लावण्याची रीत आहे, आणि माझ्या दोन्ही बहिणींची बाळंतपणानंतरची गळती त्या तेलाने थांबलेली मी स्वतः पाहिली आहे. मऊपणापलीकडे जास्वंदीत काहीच नसेल, तर इतक्या पिढ्यांनी ती का वापरली असती? आयुर्वेदातही जपाकुसुम, म्हणजे जास्वंद, केसांसाठी सांगितलेले आहे. ज्या गोष्टीने आपल्या आया-आज्यांना आराम पडला, ती इतक्या सहज बाजूला सारू नये, असे मला मनापासून वाटते.

त्वचा आणि केस

ताई, आपल्या बहिणींची गळती थांबली हे मी पूर्णपणे मान्य करते. बाळंतपणानंतरची गळती हीदेखील याच प्रकारात मोडते. ती बाळ साधारण 3 महिन्यांचे झाल्यावर सुरू होते, आणि बहुतेक स्त्रियांमध्ये बाळाच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत केस पूर्ववत होतात. या काळात जे काही लावले जाते त्याला श्रेय मिळते, मग ते तेल असो वा महागडे सीरम. तेलाने गळती थांबली की ती थांबायचीच होती, हे ओळखण्यासाठी तेल न लावलेल्या बाळंतिणींकडेही पाहावे लागेल.

त्या रीतीत तेलाखेरीज आणखी एक गोष्ट होती, आणि ती मला फार मोलाची वाटते. दुसरे कोणीतरी बाळंतिणीच्या डोक्याला हलक्या हाताने तेल लावत असे, गुंता सोडवत असे, तिला डिंकाचे आणि अळिवाचे लाडू करून घालत असे आणि बसून विश्रांती घेऊ देत असे. अळिवात लोह चांगले असते. त्या रीतीतले हे सारे जपावे, आणि तेलही लावावे, फक्त रक्त कमी असताना तेल हाच उपाय समजू नये.

रानजाई

सर्वांचे मनापासून आभार. कागदावर केस ठेवून पाहिले. बहुतेकांना पांढरी गाठ आहे, थोडे मधून तुटलेलेही आहेत. रक्ततपासणी या आठवड्यात करून घेते. सासूबाईंना हे सगळे वाचून दाखवले. त्यांचा तेलाचा आग्रह कायम आहे आणि तो मोडावा असे मलाही वाटत नाही. तेव्हा तेल नीट कसे करावे, आणि थंडीत फुले कमी झाल्यावर लेपासाठी काय करावे, एवढे सांगावे.

गच्चीवरची बाग (धरमपेठ)

तेल बिघडते ते पाण्याच्या अंशाने. फुले आणि पाने धुतल्यावर फडक्यावर पसरून सावलीत पूर्ण सुकू द्यावीत, मगच तेलात घालावीत. आच अगदी मंद ठेवावी आणि बुडबुडे येणे थांबेपर्यंत कढवावे, कारण बुडबुडे थांबले की पाणी उडून गेले असे समजावे. पाने काळी पडेपर्यंत जाळू नयेत. लोखंडी कढईत कढवण्याची पद्धत आहे, पण लोखंडाच्या संगतीत तेल लवकर खवट होते, म्हणून स्टीलचे जाड बुडाचे भांडे घ्यावे. थंड झाल्यावर गाळून कोरड्या काचेच्या बाटलीत भरावे आणि एका वेळी थोडेच करावे. वास बदलला तर ते तेल टाकून द्यावे. आपल्याकडे डिसेंबरमध्ये खोबरेल घट्ट होतेच, कारण ते साधारण 24 अंशांखाली गोठते. त्यात बिघाड काही नाही, वाटी गरम पाण्यात ठेवली की पुरते.

थंडीत फुलांचा हट्ट धरू नये, कारण पाने बारा महिने असतात आणि चिकटा त्यांतही भरपूर असतो. झाड छाटलेले असेल आणि पानेही पुरेशी नसतील तर जवस वापरावा. दोन चमचे जवस दोन कप पाण्यात मंद आचेवर उकळावा आणि पाणी अंड्याच्या पांढऱ्या बलकाइतके दाट झाले की गरम असतानाच गाळून घ्यावे, कारण थंड झाल्यावर ते फडक्यातून उतरत नाही. जवस आपल्या विदर्भातच पिकतो आणि इतवारीत केव्हाही मिळतो. फुले असोत, पाने असोत की जवस, शेवटचे धुणे शक्य असेल तर बोअरऐवजी नळाच्या पाण्याने करावे. तेवढी एक बादली सकाळी नळ आल्यावर भरून ठेवावी.