खिशातला चाकू: दुकानात ठेवावा का, जवळ बाळगावा का?

प्रश्न – भांडीबाजार, नाशिक

नमस्कार. आमचे सुऱ्या, विळ्या, कात्र्या आणि अडकित्ते विकण्याचे दुकान आजोबांच्या काळापासून भांडीबाजारालगत आहे आणि गेली अकरा वर्षे मी ते सांभाळतो. पूर्वी घडीचा चाकू रोज खपायचा; द्राक्षबागायतदार, वायरमन, गवंडी, किराणा दुकानदार असे सगळेच तो घेत. आता यांतले बरेच जण कटर नेतात, ज्याचे पाते बोथट झाले की टोक मोडून पुढे सरकवता येते. उलट काही तरुण मुले मोबाइलवर काळ्या, करवती पात्यांचे फोटो दाखवून 'असा मिळेल का' असे विचारतात. कशासाठी हवा, याचे उत्तर त्यांच्याकडे नसते, म्हणून मी देत नाही. शहरात कोयत्याच्या बातम्या वाचल्यावर तर हात आणखी आखडतो.

गेल्या महिन्यात एका मोठ्या खरेदी संकुलाच्या दारावर झडतीत माझ्या खिशातला तीन इंची चाकू निघाला. पार्सलच्या दोऱ्या कापायला तो मी रोज वापरतो. मला तासभर बाजूला उभे केले आणि शेवटी चाकू ठेवून घेऊनच सोडले. ज्या वस्तूवर आमचे घर तीन पिढ्या चालले, ती खिशात सापडल्याने लोकांनी माझ्याकडे संशयाने पाहावे, याचे फार वाईट वाटले. स्वित्झर्लंडच्या व्हिक्टोरिनॉक्स या चाकू बनवणाऱ्या कंपनीनेही २०२४ मध्ये पाते नसलेले खिशातले अवजार तयार करत असल्याचे सांगितले. १८८४ पासूनच्या कंपनीला असे वाटत असेल, तर पुढच्या दहा वर्षांसाठी आम्ही कोणता माल भरावा? आणि चाकू जवळ बाळगण्याबाबत कायदा नेमके काय सांगतो?

उत्तर १ – वकील, नाशिक रोड

आपण विचारलेल्या दोन प्रश्नांपैकी कायद्याच्या प्रश्नाला उत्तर देतो. शस्त्र अधिनियम १९५९ खालील २०१६ च्या नियमांमध्ये ज्यांचे पाते ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद आहे अशी धारदार शस्त्रे येतात. मात्र घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली अवजारे त्यातून वगळलेली आहेत. विळी, खुरपे, स्वयंपाकाची सुरी विकताना त्यामुळे घाबरण्याचे कारण नाही.

पण 'माझे पाते तीन इंचांचे आहे, म्हणजे ते कुठेही नेता येते' असा अर्थ कृपया काढू नका. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ नुसार शहरात पोलीस आयुक्त आणि ग्रामीण भागात जिल्हादंडाधिकारी मनाई आदेश काढतात. त्यात सोटे, तलवारी, भाले, सुरे, लाठ्या यांच्याबरोबरच शारीरिक इजा करण्यासाठी वापरता येईल अशी कोणतीही वस्तू बाळगण्यास बंदी असते आणि तिथे इंचांचा हिशेब चालत नाही. सण, निवडणुका, आंदोलने अशा वेळी हे आदेश निघतात. २०२७ च्या सिंहस्थात गोदाघाटावर अधिक कडक तपासणी होईल, हे गृहीत धरूनच चालावे. खासगी संकुलाला तर चाकू घेऊन आत येऊ न देण्याचा अधिकार आहेच, परंतु आपली वस्तू कायमची ठेवून घेण्याचा नाही. ती आपण परत मागायला हवी होती.

ब्रिटनने २०२४ मध्ये 'झोंबी' म्हणून ओळखली जाणारी ८ इंचांहून लांब, टोकदार आणि दातेरी पाती बाळगण्यावर इंग्लंड व वेल्समध्ये बंदी आणली. तिथे लांबीइतकाच पात्याच्या रूपाचाही विचार झाला. त्या मुलांना तसा माल नाकारण्याचा आपला निर्णय मला पूर्णपणे योग्य वाटतो.

उत्तर २ – द्राक्षबागायतदार, निफाड तालुका

दादा, चाकू संपला असे म्हणू नका. आमच्याकडे डॉगरिज या जातीच्या वेलाच्या खुंटावर ऑगस्ट-सप्टेंबरात पाचर कलम करतात, म्हणजे खुंटाला चीर देऊन तीत हव्या जातीची काडी पाचरीसारखी बसवतात, तेव्हा कलम करणाऱ्याचे सगळे कसब त्याच्या पात्यावर अवलंबून असते. काडीला दोन्ही बाजूंनी तिरपा छेद एकाच ओढीत द्यावा लागतो. पाते मध्येच अडखळले तर सालीखालचा हिरवा थर फाटतो, खुंटाच्या थराशी त्याचा मेळ बसत नाही आणि पंधरा दिवसांनी काडी काळी पडलेली दिसते. कटरचे पाते लवचीक असल्याने छेद सरळ जात नाही, हे मी दोन वर्षे नुकसान सोसून शिकलो. एका बाजूनेच घासलेला, दुसरे अंग सपाट असलेला कलमाचा चाकू आता इथे सहज मिळत नाही आणि ऑनलाइन मागवलेल्यांपैकी निम्मे पहिल्या दिवशीच बोथट होतात. बागेत तो माझ्या कमरेला असतो, पण नाशिकला यायचे असेल तेव्हा मी तो पेटीतच ठेवून येतो.

उत्तर ३ – उष्णता प्रक्रिया कारखाना, अंबड

पाते लवकर बोथट होते ते बहुतेक वेळा पाणी नीट न दिल्यामुळे, म्हणजे ते तापवून एकदम थंड करण्याचे काम नीट न झाल्यामुळे. जुने लोहार ट्रकच्या कमानपाट्याचा कोयता घडवत आणि तापलेल्या लोखंडाचा रंग पाहून पाणी देत. त्या पोलादाला चिवटपणा चांगला असतो, म्हणून तो लाकडावर आपटला तरी तुटत नाही. कलमाच्या चाकूला मात्र बारीक आणि कडक धार लागते. ईएन-३१ हे सुमारे १ टक्का कार्बनचे बेअरिंगचे पोलाद ८३० अंशांच्या आसपास तापवून तेलात बुडवले आणि पुढे २०० अंशांना दोन तास ठेवले, तर रॉकवेल या कठीणपणाच्या मापावर साधारण ६० कठीणता मिळते. ते गंजते, त्यामुळे पुसून तेलाचा हात फिरवावा लागतो, आणि ही गोष्ट गिऱ्हाइकाला सांगूनच विकावी. व्हिक्टोरिनॉक्सच्या बातमीत मला तरी धंदा बंद होण्याची चिन्हे दिसत नाहीत. त्यांनी उदाहरण सायकलस्वारांच्या अवजाराचे दिले होते, म्हणजे वस्तू कोणत्या कामाची, हे त्यांना आधी ठरवायचे आहे.

उत्तर ४ – गृहिणी, इंदिरानगर

सुऱ्या घरात भरपूर आहेत, पण धार लावणारा सायकलवाला आमच्या भागात वर्षानुवर्षे आलेला नाही. आपल्या दुकानात सहाण ठेवून धार लावून दिलीत, तर आम्ही पिशवी भरून सुऱ्या आणू.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. वडिलांची सहाण माळ्यावर आहे, ती रविवारी खाली काढतो. घडीचे चाकू 'खिशातला चाकू' म्हणून मांडणे बंद करून कलमाचा, वायरमनचा, चामड्याचा असे कामानुसार वेगळे ठेवीन. अंबडच्या साहेबांना विनंती, की ईएन-३१ ची वीस पाती करून मिळतील का?

उत्तर ३ – उष्णता प्रक्रिया कारखाना, अंबड

पाती घासून आणून द्या, पाणी मी देतो. धार मात्र पाणी दिल्यानंतरच काढायची.

उत्तर २ – द्राक्षबागायतदार, निफाड तालुका

जुलै संपायच्या आत झाली तर त्यांतली बारा आमच्या टोळीसाठी बाजूला ठेवा.