फ्लाइटगिअरमधलं एक्स-२९ डोलत डोलत पाठीवर पडतं. गुरुत्वमध्य हलवू की आणखी काही?

मोटारवाला_दारव्हा

रामराम मंडळी. धंदा मोटार वाइंडिंगचा, गाव दारव्हा तालुक्यात. खऱ्या विमानात अजून पाय ठेवला नाही. पण रबीत थ्री फेज रात्री येते, मोटारी रात्रीच जळतात आणि शेतकरी पहाटेच दारात उभे राहतात. म्हणून दुकानातच झोपतो आणि झोप येईस्तोवर फ्लाइटगिअर, म्हणजे संगणकावर विमान उडवायचा सिम्युलेटर, चालवतो. फुकट आहे आणि विमानाची फाईल साध्या एडिटरमध्ये उघडून आत काय भरलंय ते पाहता येतं. माझ्यासारख्याला उडवण्यापेक्षा खोलण्यातच जास्त मजा.

मागच्या आठवड्यात कोण्या हौशी माणसानं बनवलेलं एक्स-२९ डाउनलोड केलं. पंख मागे नाही, पुढे झुकलेले. अमेरिकेच्या ग्रुमन कंपनीनं प्रयोगासाठी अशी दोनच बनवली, पहिलं १४ डिसेंबर १९८४ ला उडालं. नाक एफ-५ चं, मुख्य चाकं एफ-१६ ची, इंजिन एफ-१८ वालं एफ-४०४. आमच्याकडे जुन्या जीपच्या इंजिनवर चालणारे जुगाड ट्रॅक्टर असेच जन्माला येतात, म्हणून पाहताक्षणीच आवडलं.

अडचण अशी. नागपूरच्या सोनेगाव विमानतळाच्या ३२ नंबर धावपट्टीवरून निघतो. दीडशे नॉटला स्टिक हलकीच ओढली की नाक उचलतं, इथपर्यंत ठीक. मग ते थांबतच नाही. पुढे ढकललं तर एकदम खाली जातं, सावरायला ओढलं तर आधीपेक्षा वर. तीन हेलकावे होतात, चौथ्याला विमान पाठीवर. भाचा बाजूला बसून मोजून राहिला होता, एका रात्रीत सतरा पाडली.

करून पाहिलं ते सांगतो. फाईलमधल्या मास बॅलन्स या वजनाच्या भागात गुरुत्वमध्याचा एक्स (लांबीतली जागा) १४ इंचांनी कमी केला, म्हणजे वजन पुढे घेतलं. डोलणं गेलं, पण आता ते बसलेल्या बैलासारखं झालं. ३२०० मीटरची धावपट्टी सरत आली तरी नाक उचलत नाही. काय करू?

कपाशी_ते_कॉकपिट

भौ, बंडी उलार झाली की आपण काय करतो? मागचं पोतं पुढे सरकवतो. तुम्ही १४ इंच सरकवलं, ते जास्त झालं. ६-७ वर आणा, मामला मिटला. पंखाचं क्षेत्रफळही पाहून घ्या. चौरस फूट लिहायचं तिथे लोक चौरस मीटरचा आकडा टाकून मोकळे होतात.

मोटारवाला_दारव्हा

क्षेत्रफळ बरोबर आहे, पाहिलं. ७ इंचावर आणलं तर डोलणं परत आलं, फक्त पाठीवर पडायला सहा हेलकावे लागतात. प्रगतीच म्हणायची!

अल्फा_बीटा

दादा, पोतं सरकवू नका. हे विमान मुद्दामच उलार बनवलेलं होतं. त्याचं अस्थैर्य ३५ टक्क्यांच्या घरात होतं, म्हणजे नाक जरा वर गेलं की हवाच त्याला आणखी वर ढकलणार. गुरुत्वमध्य पुढे आणलात की उडेल बरोबर, पण ते एक्स-२९ राहणार नाही. खऱ्या विमानात हे सांभाळायला तीन डिजिटल संगणक होते, ते बंद पडले तर अॅनालॉगवाले. सेकंदाला ४० वेळा ते विमानाचे हलते पृष्ठभाग फिरवून तोल सावरायचे. वैमानिकाच्या हातून हे होण्यासारखंच नव्हतं.

आता तुमच्या फाईलकडे येऊ. तोल सावरायचं काम कुठे लिहिलंय ते शोधा. माझा अंदाज असा की ते नॅसल स्क्रिप्टमध्ये, म्हणजे फ्लाइटगिअरच्या छोट्या प्रोग्रामात, असेल आणि तो परत कधी चालवायचा हे सांगणाऱ्या सेट-टायमरला शून्य दिलेलं असेल. तसं असेल तर ती स्क्रिप्ट दर फ्रेमला, म्हणजे पडद्यावरचं चित्र बदलेल तेव्हा, एकदाच चालते. ज्यानं बनवलं त्याच्या संगणकावर सेकंदाला साठ फ्रेम पडत असतील, विमान त्याच्याकडे शहाण्यासारखं उडालं असेल. तुमच्याकडे किती फ्रेम पडतात?

आधी एक चाचणी करा. गुरुत्वमध्य मूळ जागी न्या, ढग आणि झाडं बंद करा, खिडकी लहान करा. डोलणं कमी झालं तर दुखणं सापडलं समजा.

मोटारवाला_दारव्हा

ताई, नॅसलच आहे आणि शून्यच आहे. सीताबर्डीवरून घेतलेला जुना लॅपटॉप, चार जीबी रॅम. पडतात अकरा फ्रेम.

ढग-झाडं काढून, खिडकी पोस्टकार्डाएवढी करून चौतीसपर्यंत नेलं. डोलतं, पण हेलकावे वाढत नाहीत. तसाच वर्धेपर्यंत गेलो!

आणि आत्ता माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. हा तर सर्व्हो स्टॅबिलायझरचा रोग आहे. व्होल्टेज पडलं हे त्याला उशिरा कळलं की तो तेव्हा वाढवतो जेव्हा लाइन आपोआप चढलेली असते. मग घाबरून कमी करतो, तोवर लाइन पडलेली. रात्रभर घर्र-घर्र. म्हणजे माझा लॅपटॉप विमानाला मदत करूनच पाडून राहिला. पण तीस हजारांचा लॅपटॉप घ्यायला आता कोणी सांगू नका.

अल्फा_बीटा

लॅपटॉप राहू द्या. विमानाची हालचाल मोजणारा फ्लाइटगिअरमधला भाग म्हणजे जेएसबीसिम. त्याचं गणित फ्रेमवर अवलंबून नसतं, ते ठरलेल्या गतीनं सेकंदाला १२० वेळा होतं. पडद्यावर अकराच फ्रेम असल्या तरी दोन फ्रेमच्या मध्ये ते आपल्या पायऱ्या पूर्ण करून घेतं. म्हणून सावरायचं काम नॅसलमधून काढा आणि विमानाच्या एक्सएमएल फाईलमधल्या फ्लाइट कंट्रोलच्या पिच चॅनलमध्ये (नाक वर-खाली करणारा भाग) बसवा.

दोन प्युअर गेन (आकड्याला ठरावीक पटीनं गुणणारे घटक) घ्या. एकाला नाक फिरण्याचा वेग द्या, दुसऱ्याला अल्फा, म्हणजे समोरून येणाऱ्या हवेशी विमानाचा कोन. नुसत्या वेगावर भागणार नाही, त्यानं पडणं हळू होईल इतकंच. मूळ जागी आणायचं काम अल्फाचं. दोन्ही एलिव्हेटरच्या (नाक वर-खाली करणारा मागचा पृष्ठभाग) समरमध्ये, म्हणजे बेरीज करणाऱ्या घटकात, सोडा. सुरुवात ०.२ पासून करा, मग थोडं थोडं वाढवा. पुढे अॅक्चुएटरसाठी, म्हणजे पृष्ठभाग हलवणाऱ्या यंत्रासाठी, लॅग फिल्टर (हालचालीला थोडा उशीर लावणारा घटक), त्याचा सी-१ हा आकडा वीसच्या आसपास. सगळ्याला ८० नॉटच्या वरच चालू होणारा स्विच लावा, नाहीतर उभ्या विमानाला मागून वारा लागला की अल्फा काहीही दाखवतो आणि पृष्ठभाग फडफडत बसतात. नॅसलची जुनी लूप बंद करायला विसरू नका, नाहीतर दोन गाडीवान आणि एकच बंडी.

मोटारवाला_दारव्हा

दोन रात्री गेल्या. मध्ये एक साडेसात एचपीची मोटार आली, तिचं वाइंडिंग पूर्ण काढावं लागलं.

ताई, तुम्ही सांगितलं तसं केलं आणि पहिल्याच उड्डाणात विमान धावपट्टी सोडायच्या आधीच कोलांटी मारून पडलं. पहिल्यापेक्षा वाईट. गेन अर्धा केला, तरी तेच. तासभर आकडेच बदलत बसलो. मग डीबगमधून प्रॉपर्टी उघडून एकेक आकडा वाचला. नाक वर जाते तेव्हा एलिव्हेटर अधिक (+) दाखवतो, म्हणजे नाक दाबायला निघतो. बरोबर. कॅनार्ड, म्हणजे पुढचा छोटा पंख, तोही अधिकच (+) दाखवतो. तो तर नाकाजवळ बसलेला! त्याची पुढची कड वर झाली की तो नाक उचलणारच. मागचा दाबतो, पुढचा उचलतो, आणि पुढच्यात दम जास्त.

रोज माझ्या दुकानात हेच होतं. मोटार जोडली, पाणी येत नाही, शेतकरी म्हणतो वाइंडिंग खराब केली. जाऊन पाहावं तर दोन फेज अदलाबदल, पंप उलटा फिरून राहिला. कॅनार्डच्या गेनला उणे लावलं आणि विमान सरळ झालं. अकरा फ्रेमवर! स्टिक सोडून चहा प्यायलो, ते तसंच चाललं होतं.

एकच राहिलं. साडेतीनशे नॉटच्या वर नाक बारीक थरथरतं.

अल्फा_बीटा

कॅनार्डचं मी सांगायला हवं होतं, चूक माझी.

थरथर म्हणजे वेग वाढल्यावर तोच गेन जास्त होतोय. हवेचा दाब वाढला की तेवढ्याच कोनात पृष्ठभाग जास्त जोर लावतो. एकच आकडा न ठेवता टेबल करा, क्यू-बारवर, म्हणजे वेगामुळे येणाऱ्या हवेच्या दाबावर. दाब चौपट झाला की गेन साधारण पाव करा, मधलं जेएसबीसिम स्वतः भरून घेतं.

कपाशी_ते_कॉकपिट

माझं पोतं वायाच गेलं म्हणा. फाईल टाका ना भौ इथे, माझ्याकडेही बाराच फ्रेम पडतात.

मोटारवाला_दारव्हा

टेबल बसवलं, थरथर गेली. पाचशे नॉटला भाच्याच्या हातात दिलं, पाडलं नाही त्यानं. फाईल रविवारी टाकतो, मूळ बनवणाऱ्याचं नाव वर तसंच ठेवून. तोवर तुम्ही करून पाहणार असाल तर गुरुत्वमध्य मूळ जागीच राहू द्या, आणि कॅनार्डचं उणे आधी तपासा.