'द जोशुआ ट्री' सलग, सोलापुरात: डिले, ट्यूनिंग आणि एलईडी वॉलचा हिशेब

सातरस्ता_बेस
यू-टूच्या 'द जोशुआ ट्री'मधली अकराही गाणी अल्बमच्या क्रमाने वाजवायचा बेत आहे. जागा हुतात्मा स्मृती मंदिर सभागृह, सिद्धेश्वराची गड्डा यात्रा उरकल्यानंतर. गिटार एकच, शिवाय बेस, ड्रम, कीबोर्ड आणि गायक. हार्मोनिकाही गायकच वाजवणार. तीन ठिकाणी अडलंय. 'स्ट्रीट्स'मध्ये ('व्हेअर द स्ट्रीट्स हॅव नो नेम') गिटारचा डिले, म्हणजे पेडलमधून येणारा प्रतिध्वनी, ड्रमशी जुळत नाही, चौथ्या ओळीपर्यंत सगळा गिचका होतो. 'विदाउट यू'मधला ('विथ ऑर विदाउट यू') तो न संपणारा लांब स्वर कशावर काढायचा? आणि मागे एलईडी वॉल लावायची तर किती मोठी, वीज किती? सगळं खुल्या मैदानात करावं असाही एक सूर आहे. जाणकारांनी सांगावं.

विजापूरवेस
डिलेचं गणित सोपं आहे. ४५००० ला टेम्पोने भागा, येईल तेवढे मिलिसेकंद. 'स्ट्रीट्स' मिनिटाला १२६ ठोक्यांवर आहे, म्हणजे ३५७. रिपीट तीन, मिक्स निम्म्याच्या आसपास, आणि हात मात्र साधे आठवे, म्हणजे एका ठोक्यात दोन स्वर, वाजवणार. मधल्या जागा डिले भरतो. नवखे गिटारवाले ऐकू येतं तेवढं सगळं हाताने वाजवायला जातात, तिथेच गिचका होतो.

दुसरं कारण ड्रम. ड्रमर जोशात १३० वर गेला की डिले ३४६ हवा, तुमचा ३५७ वरच. फरक अकराचाच, पण प्रत्येक रिपीटला साठत जातो. तिसऱ्या रिपीटला ३३ मिलिसेकंद, आणि तेवढं कानाला स्पष्ट खुपतं. टॅप टेम्पोने, म्हणजे पायाने ठोके देऊन डिले बदलत, पाठलाग करत बसू नका. ड्रमरच्या कानात मेट्रोनोमची क्लिक द्या, विषय संपला.

क्लिकमध्येही एक मेख आहे. या गाण्याची सुरुवात तीन-चारमध्ये, आपल्या दादऱ्याच्या अंगाची, आणि बँड पूर्ण आल्यावर चार-चार. सुरुवातीला गिटारवाल्याने एखादं आवर्तन जास्त घेतलं की क्लिकचा जोर भलत्याच मात्रेवर पडायला लागतो. म्हणून जोर काढून टाका, सगळे ठोके सारखे ठेवा. ऑर्गन किती आवर्तनं एकटा वाजणार हे कागदावर लिहून कीबोर्डवाल्याच्या समोर चिकटवा. मूळ रेकॉर्डिंगच्या वेळीही या बदलत्या सुरावटी बँडला दाखवायला निर्माता डॅनियल लानवाला फळा वापरावा लागला होता, तेव्हा यात कमीपणा काही नाही.

डिले पेडल ॲम्पच्या आधी लावा, ॲम्पच्या इफेक्ट्स लूपमध्ये नको. यू-टूचा गिटारवाला द एज, त्याचा आवाज व्हॉक्स एसी-३० ॲम्पचा आहे, काठावर किंचित फाटणारा, आणि डिलेचे रिपीटही त्या फाटण्यातून जातात. सोलापुरात एसी-३० भाड्याने मिळेल या भरवशावर राहू नका. १५ वॉटचा कुठलाही व्हॉल्व्ह ॲम्प माइक लावून चालेल, नाहीतर मॉडेलर (ॲम्पची नक्कल करणारं यंत्र) थेट मिक्सरमध्ये. अजून एक बारकी गोष्ट: तो हेरडिमचा पिक उलटा धरतो, खडबडीत बाजूने तार छेडतो. त्या खरखरीनेच प्रत्येक रिपीटला धार येते.

लांब स्वरासाठी मुळात मायकल ब्रुकने बनवलेली 'इन्फिनिट गिटार' होती. आपल्यासाठी ईबो पुरे, तारेवर धरला की तिला सतत कंपत ठेवणारं हातातलं छोटं यंत्र. नऊ व्होल्टची बॅटरी ताजी घाला. गळ्याकडच्या पिकअपच्या जवळ धरला की आवाज एकदम फुगतो, म्हणून व्हॉल्यूम पेडल पायाखाली हवंच. ईबो एका वेळी एकच तार धरतो. त्यामुळे एकट्या गिटारवाल्याला खालची साथ सोडावी लागते, ती कीबोर्डवर पॅडचा सलग आवाज देऊन भरा.

नवीपेठ
खुल्या मैदानाचं डोक्यातून काढा मालक. रात्री दहाला भोंगा बंद करावाच लागतो, आणि वाऱ्याची झुळूक आली की वरच्या पट्टीतला आवाज इकडेतिकडे उडतो. ही गिटार सगळी वरच्याच पट्टीत आहे. सभागृह बरं.

पण सभागृहात ड्रमचा आवाज घुमून अंगावर येतो. हॉल रिकामा असताना मंचावरून एक टाळी वाजवून बघा, घुमण्याची शेपूट लांब येत असेल तर ड्रमच्या मागे आणि बाजूंना जाड सोलापुरी चादरी सोडा. भिंतीला चिकटवून नव्हे, सहा इंच सोडून, आणि चुण्या पडतील अशा दुप्पट कापडात. झांजांची किरकिर कमी होईल. बेसच्या घुमण्यावर याचा काडीचा उपयोग नाही, त्यासाठी सबवूफरचा आवाजच आवरा. दिव्यांपासून चादर लांब ठेवा. स्नेअरवर टेरी टॉवेलची छोटी घडी टेपने लावली तरी निम्मं काम होतं, आणि तो माल आपल्या गावात काय कमी आहे!

मिक्सरवर: गिटारला १२० हर्ट्झच्या खाली कापा, गायकाला १००. बेस डीआय बॉक्समधून थेट मिक्सरमध्ये घ्या. 'एक्झिट' जवळजवळ कुजबुजत सुरू होतं आणि मग फुटतं. मास्टरवर कॉम्प्रेसर (आवाजातले चढउतार दाबणारं यंत्र) ठेवलात तर दोन्ही टोकं सारखीच ऐकू येतील आणि गाणं मेलं. तो बायपास करा, फेडरवर माणूस बसवा.

वीज: साउंड एका फेजवर, एलईडी आणि दिवे दुसऱ्या-तिसऱ्यावर. सिंगल कॉइल गिटार डिमरची भुणभुण लगेच उचलते. ती घालवायला कुणी प्लगची अर्थिंगची पिन काढायला सांगेल. अजिबात काढू नका, गायकाच्या ओठाला माइकचा शॉक बसतो, आणि तो जिवावरही बेतू शकतो.

होटगीरोड
वॉलबद्दल. यू-टूच्या २०१७ च्या 'जोशुआ ट्री' दौऱ्याचा पडदा साधारण २०० बाय ४५ फुटांचा होता, त्याच्या नादी लागण्यात अर्थ नाही. ५०० मिलिमीटरचे पी-३.९ (दोन पिक्सेलमध्ये ३.९ मिलिमीटर अंतर) पॅनल असतात, प्रत्येकी १२८ बाय १२८ पिक्सेल. १० बाय ५ लावा, ५० पॅनल, साधारण १६ बाय ८ फूट. व्हिडिओ १२८० बाय ६४० वरच बनवा, नाहीतर प्रोसेसर ताणून अक्षरं फाडतो. पूर्ण पांढऱ्या चित्राला ८-९ किलोवॉट लागतील असं धरा. बंद हॉलमध्ये ब्राइटनेस २० टक्क्यांच्या वर नेऊ नका, समोरच्या रांगा डोळे मिटून बसतील.

'स्ट्रीट्स'ला दौऱ्यात अख्खा पडदा लाल व्हायचा आणि त्यापुढे चौघांच्या काळ्या आकृत्या. हे तुम्हालाही जमेल, आणि स्वस्तात, कारण लाल रंगात तीनपैकी एकच एलईडी जळतो. दौऱ्यातल्या पडद्यासाठी ॲन्टन कॉर्बिनने केलेल्या फिल्म मात्र उचलू नका, त्या कॉपीराइटच्या आहेत. नान्नजच्या बाजूचा माळ आणि एकटी बाभूळ स्वतः चित्रित करा. माळढोक अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याची परवानगी लागते, हद्दीबाहेरून चित्रण केलंत तर प्रश्न नाही.

आता खरा मुद्दा, जो तुम्ही विचारलाच नाही. हा अल्बम वजनाला पुढेच झुकलेला आहे. लोकांना पाठ असलेली तिन्ही गाणी पहिली तीन. ती संपली की उरलेल्या आठांना मोबाइल बाहेर येतात. २०१७ आणि २०१९ च्या दौऱ्यात बँडने हे ओळखून आधी छोट्या मंचावर 'संडे ब्लडी संडे', 'प्राइड' असली जुनी गाणी घेतली, पडदा न वापरता, मग अल्बम सलग, आणि शेवटी नंतरच्या काळातली गाणी. १५ डिसेंबर २०१९ ला नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर दौऱ्याचा शेवट झाला, तोही असाच. तुम्हीही आधी चार गाणी घ्या. त्यात साउंडवाल्याचा हात बसतो आणि 'स्ट्रीट्स' तयार मिक्सवर सुरू होतं. अल्बम ५० मिनिटांचा आहे, मध्ये मध्यंतर नको.

सातरस्ता_बेस
पटलं. गायकाला 'रेड हिल मायनिंग टाउन' झेपत नाही, वर जाऊन आवाज फाटतो. सगळंच अर्धा स्वर खाली घेतलं तर?

विजापूरवेस
घ्या. 'आय स्टिल हॅवन्ट फाउंड' मुळातच डी फ्लॅटमध्ये आहे, ते डी समजून मोकळ्या तारांवर वाजवता येईल. मात्र तारा ०.०१० इंचांच्या ऐवजी ०.०११ इंच जाडीच्या चढवा, सैल पडल्या तर ईबोखाली थरथरतात. कीबोर्डचं ट्रान्सपोज (पट्टी बदलणारं सेटिंग) उणे एक, आणि 'स्टिल हॅवन्ट'ला शून्यावर आणायचं हे विसरू नका. 'रेड हिल' खुद्द बँडनेही २०१७ पर्यंत कधी मंचावर घेतलं नव्हतं, तेव्हा गायकाला बोल लावू नका.

नवीपेठ
एक राहिलं. हार्मोनिका ट्रान्सपोज होत नाही. 'रनिंग टू स्टँड स्टिल' आणि 'ट्रिप थ्रू युअर वायर्स'साठी अर्धा स्वर खालच्या वेगळ्या घ्याव्या लागतील. आत्ताच मागवा, ऐनवेळी इथे दुकानात नेमक्या त्या पट्टीची मिळणं कठीण. शेवटच्या 'मदर्स'च्या ('मदर्स ऑफ द डिसअपिअर्ड') तळाचा ड्रम लूप कीबोर्डच्या पॅडवर टाका, आणि 'एक्झिट' संपायच्या आत कीबोर्डवाल्याने तो आवाज निवडून ठेवायला हवा.

होटगीरोड
आणि कागदपत्रं. दुसऱ्याची गाणी मंचावर वाजवायला आयपीआरएसचा (गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळणारी संस्था) परवाना लागतो, कार्यक्रमाआधी पंधरा दिवस तरी अर्ज टाका. प्रेक्षक आत येताना स्पीकरवर रेकॉर्ड लावणार असाल तर ते वेगळं प्रकरण, रेकॉर्डिंगवाल्यांचा परवाना वेगळा. तो टाळायचा असेल तर शांत ठेवा किंवा कीबोर्डवाल्याला काहीतरी वाजवायला बसवा. तिकीट माणशी ५०० रुपयांच्या आत ठेवलं तर जीएसटीची कटकट नाही. पोलीस ठाण्याचं पत्र सभागृहाच्या बुकिंगच्या पावतीसोबतच द्या.