सकाळी आखडणारी कंबर आणि हाडाला चिकटलेला दात : कोणाकडे जावे?

केतकी_लिहिते :
माझा धाकटा भाऊ २६ वर्षांचा आहे. गेले वर्षभर सकाळी उठल्यावर त्याची कंबर तासभर तरी आखडलेली असते, उत्तररात्री दुखण्याने झोप मोडते आणि उठून थोडे चालले की बरे वाटते. त्यातच दातांना तारा लावल्यावर समोरचा एक दात जागचा हललाच नाही. लहानपणी पडल्यामुळे निखळलेला आणि पुन्हा बसवलेला तोच हा दात. तो हाडाला चिकटला असल्याचे दंतवैद्यांनी सांगितले. दोन्ही एकाच आजाराची लक्षणे असतील का? कंबरेसाठी कोणत्या तज्ज्ञाकडे जावे? पाठीला झटका देऊन मणके मोकळे करून घ्या, असेही काही जण सुचवत आहेत. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

सांधेसोबती :
केतकीताई, शेवटच्या मुद्द्याचे उत्तर आधी देते, कारण तिथे घाई झाली तर झालेले नुकसान भरून येत नाही. निदान होईपर्यंत त्याच्या मानेला किंवा पाठीला कोणालाही झटका देऊ देऊ नका. मी फिजिओथेरपिस्ट आहे. सुजेमुळे आखडलेला सांधा आणि हाडाने जुळून गेलेला सांधा वरून सारखेच वाटतात. मात्र पहिल्याला हालचालीने आराम पडतो, तर दुसऱ्यावर जोर लावला की तो मोडतो. जुळलेला कणा खडूसारखा ठिसूळ असतो आणि साध्या घसरण्यानेही त्याला अस्थिभंग होऊ शकतो.

तुम्ही सांगितलेली लक्षणे संधिवाततज्ज्ञांना दाखवण्यासारखीच आहेत. पंचेचाळिशीच्या आत सुरू झालेले, तीन महिन्यांहून अधिक टिकलेले, विश्रांतीने न थांबणारे आणि हालचालीने कमी होणारे कंबरदुखणे असेल, तर अँकिलोसिंग स्पॉन्डिलायटिसचा, म्हणजे कण्याचे सांधे सुजून हळूहळू जुळत जाण्याच्या संधिवाताचा, विचार करावाच लागतो. या आजारात लिगामेंट (हाडांना जोडून ठेवणारा चिवट पट्टा) जिथे हाडात रुजते तिथे सूज येते आणि ती भरून येताना नको तिथे हाड तयार होते. सुरुवात बहुधा कणा आणि कटीची हाडे जिथे जुळतात त्या सांध्यांपासून होते. पहिली काही वर्षे एक्स-रे निर्दोष दिसू शकतो, म्हणून त्या सांध्यांचा एमआरआय करावा का, हे आवर्जून विचारा. एचएलए-बी२७ ही रक्तचाचणी मदत करते, पण ती पॉझिटिव्ह आलेल्या बहुतेकांना हा आजार कधीच होत नाही आणि निगेटिव्ह आली म्हणून आजार नाही असेही ठरत नाही.

उपचारांत प्रथम सूज उतरवणाऱ्या गोळ्या असतात. त्यांनी भागले नाही तर बायोलॉजिक, म्हणजे सूज वाढवणारे शरीरातले ठरावीक घटक रोखणारी, इंजेक्शने देतात. त्यांआधी क्षयरोगाची तपासणी करून घेतात. व्यायाम मात्र पहिल्या दिवसापासून हवा, आणि तो फिजिओथेरपिस्टकडून शिकून घेतलेला असावा. घरी करण्यासारखी एक नोंद सांगते. टाचा आणि पाठ भिंतीला टेकवून, हनुवटी न उचलता उभे राहायला सांगा आणि डोक्याचा मागचा भाग भिंतीला टेकतो का ते पाहा. टेकत नसेल तर मधले अंतर मोजून ठेवा. पुढे ते वाढले तर डॉक्टरांना नेमके सांगता येते.

दंतमित्र :
दाताची गोष्ट वेगळी आहे. तिचे कारण बहुधा ती जुनी इजाच असावी. दाताचे मूळ आणि जबड्याचे हाड यांच्यामध्ये सुमारे ०.२ मिलिमीटर जाडीचे लिगामेंट असते. निखळलेल्या दातावरचे हे लिगामेंट सुकून मेले की मूळ थेट हाडाशी जुळते. अशा दातावर आरशाच्या दांडीने हलकेच टकटक केल्यास शेजारच्या दातांपेक्षा उंच, धातूसारखा आवाज येतो. तारेने तो हलणार नाही, उलट त्याच्या आधाराने शेजारचे दातच सरकतील, म्हणून तारेची योजना नव्याने आखायला सांगा. वाढ पूर्ण झालेल्या वयात तो लगेच काढण्याची घाई नको. मूळ हळूहळू झिजत जाते, तोवर ठरावीक काळाने एक्स-रे काढून लक्ष ठेवता येते. मात्र भावाला तोंड उघडताना स्वतःची तीन बोटे उभी आत घालता येत नसतील, तर ते संधिवाततज्ज्ञांनाही सांगा, कारण कंबरेच्या या आजारात जबड्याचा सांधाही सापडू शकतो.

पाठराखण :
मला स्वतःला हा आजार आहे, म्हणून एवढेच जोडतो. डोळा लाल होऊन दुखू लागला आणि उजेड सहन होईनासा झाला, तर डोळे आले असे समजून थांबू नका. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा आणि कंबरेच्या दुखण्याविषयीही त्यांना सांगा. भाऊ धूम्रपान करत असेल तर ते आजच सोडायला लावा, कारण त्याने कण्याची हानी अधिक वेगाने होते.